स्कूबा डाईव्ह कुठे करायची? आधी तिथी बघा, मग नकाशा

मालवण, गोव्याचं ग्रँडे बेट आणि मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी ही तिन्ही ठिकाणं एकाच किनाऱ्यावर आहेत. पाण्याखाली मात्र तीन वेगळे प्रदेश वाटावेत इतका त्यांच्यात फरक आहे. ‘यातलं सगळ्यात चांगलं कोणतं?’ असं विचारलं की उत्तर मिळतं ‘नेत्राणी’, आणि लोक ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याचं बुकिंग करून मोकळे होतात. तेव्हा खालून थंड, हिरवट पाणी वर आलेलं असू शकतं. मग २० मीटर दिसायच्या जागी पाच मीटरही दिसलं नाही म्हणून बेटाला दोष देण्यात अर्थ नाही.

पाणी गढूळ कशाने होतं हे कळलं की जागेची निवड निम्मी झालीच. मालवणच्या उत्तरेला कोळंबची खाडी आहे, दक्षिणेला देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीला या खाड्यांतला गाळ बाहेर पडतो आणि भरतीला समुद्राकडचं स्वच्छ पाणी आत येतं. म्हणून सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडपांवर उतरायचं ते भरतीच्या शेवटच्या तासात, पाणी ठरेपर्यंत, म्हणजे चढायचं थांबेपर्यंत. तीच जागा चार तासांनी पाहिली तर हाताच्या अंतरावरचा मासा दिसणार नाही.

भरतीची वेळ काढायला कोकणात ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की झालं. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा वाजता पूर्ण भरती, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा हिशेब मुंबईकडे बराच जुळतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, त्यामुळे मालवण-गोव्याला त्यातून अर्धा-पाऊण तास वजा करावा. हा अंदाज तारीख ठरवायला पुरेसा आहे, नेमक्या वेळेसाठी छापील तक्ताच बघावा.

आता खरी गंमत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त चढतं-उतरतं, ओढ वाढते, तळाचा गाळ उठतो. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी शांत असतं, पण नेमक्या अष्टमीला भरती पहाटे सहाच्या आधीच होऊन जाते आणि तुम्ही नऊला होडीत बसता तेव्हा ओहोटी अर्ध्यावर आलेली असते. शिवाय भांगाचा सगळ्यात संथ काळ अष्टमीच्या एक-दोन दिवसांनंतर येतो. हे सगळं जुळवलं तर एकादशी-द्वादशी हाती लागते: पाण्याची हालचाल अजून कमी, आणि भरती सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या सुमारास. एकादशीला मासे खायचे नसतील, पण बघायला कुणाची हरकत?

सकाळच का, तर वाऱ्यामुळे. जमीन तापली की दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि अकरानंतर होडी नाचायला लागते. निम्म्या लोकांना मळमळ होते ती पाण्याखाली नव्हे, नांगरलेल्या होडीत थांबून. तिथे तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, सांगेल तेच ऐकावं. तो बेटाच्या आडोशाच्या बाजूला नांगर टाकतो. ‘व्हिडिओत दाखवलेली जागा’ दुसऱ्या बाजूला असेल तर ती त्या दिवशी सोडून द्यावी.

वाऱ्यापेक्षा फसवी असते ती लांब पल्ल्याची लाट. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती केंद्राच्या अंदाजात लाटेची उंची सगळे बघतात, कालावधी, म्हणजे दोन लाटांमधला वेळ, कुणी बघत नाही. एक मीटरची लाट सात सेकंदांची असेल तर होडी हलते, उथळ तळाला त्रास कमी. तीच एक मीटरची लाट चौदा सेकंदांची असेल तर वर समुद्र गुळगुळीत दिसतो आणि सहा मीटरवर तुम्ही पाळण्यात बसल्यासारखे पुढे-मागे ढकलले जाता, वाळू उठते, गुडघे खडपावर आपटतात. एप्रिल-मेमध्ये दक्षिणेकडून अशा लाटा येतात. त्या दिवशी उथळ जागा ‘सोपी’ नसते. डाईव्हिंग शिकल्याचं कार्ड असेल तर खोल जागा घ्यावी, नसेल तर पोहायलाही उतरू नये.

कार्डाचं गणित सरळ आहे. प्रशिक्षकाचा हात धरून करायच्या पहिल्या डाईव्हची मर्यादा १२ मीटर, ‘ओपन वॉटर’ या पहिल्या कोर्सची १८, ‘ॲडव्हान्स’ या पुढच्या कोर्सची ३०. मालवणला नवख्यांना साधारण पाच ते आठ मीटरवरच नेतात आणि तेवढं पुरतं: प्रवाळ, समुद्रफुलं, त्यातले क्लाऊनफिश, एखादा गोब्रा. पाव टाकून मासे गोळा करणाऱ्याकडे मात्र जाऊ नका. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, ते मत्स्यालय नव्हे.

नेत्राणीला माणूस जास्त खोल जातो, म्हणून हवेचा हिशेब बदलतो. नेहमीच्या ॲल्युमिनियम टाकीत ११ लिटर जागा आणि २०० बार दाब असतो. ५० बार राखून ठेवले की वापरायला साधारण १६५० लिटर हवा उरते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्याला १० मीटरवर ४० लागतात, म्हणजे एकेचाळीस मिनिटं. २० मीटरवर ६० लागतात आणि तीच टाकी सत्तावीस मिनिटांत संपते. यात उतरण्या-चढण्याची आणि पाच मीटरवरच्या तीन मिनिटांच्या थांब्याची हवाही आलीच. निळ्या पाण्यात तळ स्पष्ट दिसतो, त्यामुळे आपण किती खोल आलो हे कळत नाही. मालवणच्या गढूळ पाण्यात शिकलेला माणूस इथे हमखास खोल जातो. नजर खोली दाखवणाऱ्या घड्याळावर ठेवा. आणखी एक: रिकामी होताना ॲल्युमिनियमची टाकी जवळपास दोन किलोंनी हलकी होते. कमरेला बांधायचं वजन ठरवताना ते धरलं नाही तर शेवटच्या थांब्यावर फुग्यासारखे वर याल.

ग्रँडे बेटाजवळचं ‘सुझीज रेक’ हे बुडालेलं जहाज उथळ आहे म्हणून नवख्यांनाही सुचवतात. आम्ही सुचवत नाही, निदान पहिल्या दहा डाईव्हपर्यंत तरी. दृश्यता अनेकदा तीन-चार मीटरच असते, गंजलेल्या कडा असतात आणि तुटलेली जाळी अडकलेली असू शकतात. छोटं कटर छातीशी, दोन्ही हातांना पोचेल असं बांधा. पोटरीला बांधलेलं कटर जाळ्यात पाय अडकल्यावर उपयोगाचं नाही.

मालवणच्या दक्षिणेकडच्या निवती रॉककडे ओढ जास्त असते, तिकडे पाणी ठरल्यावरच उतरायचं. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून जास्त आत समुद्रात असलेली आंग्रिया बँक, म्हणजे पाण्याखालचं प्रवाळांचं पठार, सध्या यादीतून खोडा. तिचा सगळ्यात उथळ भागच सुमारे २० मीटर खोल आहे आणि मदत कित्येक तास लांब.

जागा निवडताना बहुतेक जण विसरतात तो परतीचा रस्ता. एका साध्या डाईव्हनंतर किमान १२ तास आणि दिवसात दोन किंवा जास्त केल्या तर १८ तास विमानात बसायचं नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ६०० मीटरच्या वरचा घाटही याच नियमात येतो आणि आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. म्हणजे सकाळी दोन डाईव्ह, दुपारी सोलकढी आणि संध्याकाळी आंबोलीमार्गे कोल्हापूर हा लाडका बेत चुकीचा. घाटावरच्या मंडळींनी डाईव्ह शनिवारी सकाळी करावी, रविवारी किल्ला बघावा आणि जेवून मग निघावं. मुंबईकरांना कोकण रेल्वे आहे, ती घाटमाथा चढत नाही. मोपा किंवा चिपीचं विमान असेल तर ते दुसऱ्या दिवशीचंच काढा.