तुम्ही विचारलंत म्हणून: मी कोणता व्यायाम करावा?

व्यायाम शिकवण्याच्या व्यवसायात असल्यामुळे ‘चालणे बरे, पोहणे बरे की जिम?’ हा प्रश्न मला सतत विचारला जातो. उत्तर देण्याआधी मी समोरच्याचा स्वभाव विचारतो, आणि त्याहीपेक्षा दिवसभराच्या कामानंतर त्याला कशाची ओढ उरते ते विचारतो.

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या एक बाई गप्पिष्ट, म्हणून मैत्रिणींनी त्यांना झुंबाच्या वर्गात ओढून नेले, पण त्या तिथे रमल्या नाहीत. दिवसभर खातेदारांशी बोलून आल्यावर त्यांना कोणाचाही आवाज नको असायचा. शिवाजी पार्कजवळच्या महापालिकेच्या तलावात मात्र त्या टिकल्या, कारण डोके पाण्याखाली गेले की कोणी हाक मारू शकत नाही. याउलट घरून काम करणारे एक अबोल गृहस्थ पहाटे पार्काला फेऱ्या मारणाऱ्यांच्या घोळक्यात रुळले. एक दिवस दिसले नाहीत की ‘अहो, आज कुठे?’ असा फोन येतो, आणि तो फोन यावा हीच त्यांची गरज असावी, असे मला वाटते.

आकड्यांत रमणाऱ्याला मोजून सूर्यनमस्कार घालायला आवडतात. लवकर कंटाळणाऱ्याला मी बॅडमिंटन सुचवतो. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन काहींना वर्षभर पळवते. काही जण मात्र पदक गळ्यात पडताच बूट माळ्यावर टाकतात, आणि अशांना मी शर्यतीच्या वाटेला जाऊ नका म्हणतो.

स्वभावाची सबब सगळीकडे चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला मध्यम श्रमाचा 150 ते 300 मिनिटे व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा. ज्याला जिमचा तिटकारा आहे, त्याने घरीच हात न टेकता खुर्चीवरून उठबस करावी, भिंतीला हात लावून जोर काढावेत. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, हे ओघाने आलेच.

आणि जूनमध्ये पाऊस लागला की पर्यायही त्याच स्वभावाचा शोधावा. घोळक्यात चालणाऱ्याला एकट्याने ट्रेडमिलवर उभे केले, तर तो गणपतीपर्यंतही टिकत नाही. त्याच्यासाठी सोसायटीच्या हॉलमधला योगवर्गच बरा.