१२१० ची क्लच प्लेट

सुवर्णमहोत्सवाचं पत्र मोबाईलवर आलं तेव्हा मी गाडीखाली होतो, हात ग्रीसचे, म्हणून पोराला वाचायला लावलं. शाळेबद्दल दोन शब्द लिहा म्हणे. आता शाळेबद्दल मी काय लिहू, गणित कधी आलं नाही, इंग्रजीत दोनदा आपटलो, मला आठवते ती वर्कशॉपची टिनाची शेड आणि आपले ऑटोचे, म्हणजे गाडीदुरुस्तीच्या कोर्सचे सर. नाव लिहत नाही, गावात नुसतं 'ऑटोवाले सर' म्हटलं तरी सगळ्यांना समजते.

व्होकेशनलच्या अकरावीची गोष्ट. कापसाचा सीझन, एकाधिकार खरेदीचे, म्हणजे कापूस सरकारी केंद्रावरच विकायचे दिवस, केंद्रावर गाड्यांची ही लाइन. गावातल्या एका काकांची टाटाची जुनी १२१० होती, लांब नाकाची. म्हातारे ड्रायव्हर तिला मर्सिडीजच म्हणत. टाटाच्या टेल्को कंपनीनं १९५४ मध्ये डेमलर-बेंझसोबत ट्रक बनवणं सुरू केलं होतं ना, १९६९ ला करार संपला पण लोकांच्या तोंडातलं नाव काही गेलं नाही. तर त्या गाडीच्या तिसऱ्या गिअरचे दात गेले, काकांनी नागपूरच्या भंगारातून दुसरा गिअरबॉक्स उचलून आणला आणि सर म्हणाले, "आना शेडमध्ये, पोराईचं प्रॅक्टिकल होते."

बॉक्स दुसऱ्याच गाडीचा निघाला, जरा लांब. प्रोपेलर शाफ्ट हिंगणघाटला नेऊन कापून वेल्ड करून आणला, दोन्ही टोकांचे जोड एका लाइनीत धरून, नाहीतर गाडी थरथरते. खरी कटकट क्लचची. तेलाचा क्लच नव्हता तो, पेडलपासून क्लच सोडवणाऱ्या फोर्कपर्यंत लोखंडी रॉड, आणि नवीन बॉक्सवर फोर्कचा आर्म चार बोटं मागं गेलेला. जुना रॉड पुरेच ना. मग शाळेच्या लेथवर आम्ही नवीन रॉड केला, टोकाला आटे पाडले, नट, चेकनट. यू-क्लिपच्या पिनीत मी स्प्लिट पिनीऐवजी तार गुंडाळली होती तर सरांनी ती पकडीनं तोडून माझ्या खिशात टाकली, बोलले काहीच नाही.

केबिनच्या दोन्ही खिडक्यांतून आडवी बल्ली टाकली, तिला चेन-पुली, मधली फळी काढून बॉक्स वर घेतला. क्लच प्लेट सेंटरला धरायला जुन्या बॉक्सचा क्लच शाफ्ट वापरला, तो काढला आणि नवीन बॉक्स सरकवला तर एका फटक्यात बसला. आम्ही तर नाचायचंच बाकी होतो.

इंजन चालू केलं. पेडल पार तळाला दाबलं तरी गिअर पडेना, नुसती करकर. आम्ही रॉडचा नट फिरवत बसलो, आता पडते मग पडते, अर्धा दिवस गेला. सर पेडल पायानं कधी पाहत नसत, तळहातानं दाबत, म्हणत पायाले फ्री प्ले समजत नाही, हाताले समजते. पेडलला इंचभर मोकळी चाल पाहिजे आणि आत क्लच दाबणारं रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांपासून दोन-तीन मिलिमीटर दूर पाहिजे, ते तर बरोबर होतं. सर थोडा वेळ चूप राहिले, मग म्हणाले, "उतरवा."

पूर्ण बॉक्स परत खाली. प्लेट उलटी लागली होती! जुन्या प्लेटवरचा बाजू सांगणारा शिक्का घासून गेला होता, तिचा उंच बॉस, म्हणजे मधला फुगीर भाग, गिअरबॉक्सकडं पाहिजे तो इंजनच्या फ्लायव्हीलकडं गेला, मग ती फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासणार, सुटणार कशी. प्लेट मी लावली होती. मला माहीत होतं, आणखी कोणालाच माहीत नव्हतं.

तेवढ्यात काका आले, म्हणे पऱ्हाटीचे गठ्ठे नाही, कापूस भरलाय घरी, उद्या नंबर आहे केंद्रावर, आणि पोरांच्या हातात गाडी दिली म्हणून असे बरसले की शेजारचा नववीचा वर्ग थांबला. सर म्हणाले, "काका, चूक माही हाय. बॉक्स चढवाच्या आधी मीनं पाह्याले पाहिजे होतं." एवढंच. कोणी लावली विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतर कधीच नाही. रात्री कंदील लावून ते स्वतः बारदान्यावर आडवे झाले, आम्ही फक्त पाने देत होतो. पहाटे गाडी केंद्रावर गेली.

मी तोंड उघडलं नाही. भेटायचो त्यांना नंतर, चहा व्हायचा, पण ते राहिलंच, आणि सर गेले.

आज जाम चौरस्त्याच्या पुढं हायवेला माझं गॅरेज आहे, चार पोरं हाताखाली. एप्रिल २०२० पासून धुराच्या नवीन नियमाच्या बीएस-६ गाड्या आल्या, लॅपटॉप लावल्याशिवाय आजार सांगत नाहीत, काहीत तर क्लचचं पेडलच नाही. तरी प्लेट लावताना पोरगं कोणतंही असो, मी वाकून पाहतोच. शाळेत मात्र ऑटोचा कोर्स बंद झाला, शेडमध्ये आता सायकली राहतात म्हणे. लेथ भंगारात काढणार असाल तर आधी मला फोन करा, बोली लावून घेतो.

स्मरणिकेसाठी सरांचा फोटो मागितला होता. माझ्याजवळ एकच आहे, त्याच १२१० चा, आणि त्यात सर गाडीखाली आहेत, चपला घातलेले दोन पाय तेवढे बाहेर. चालत असेल तर छापा.