पंच्याऐंशी म्हणजे पंच्याऐंशी

शनिवारी माझा मुलगा रडत मैदानाबाहेर आला आणि मला तिथेच कुणाशी तरी भांडावंसं वाटलं. सहावी म्हणजे मुलांच्या बेसबॉलमधली शेवटची इनिंग, आम्ही एका रनने पुढे, तीनपैकी दोन आउट झालेले. पोरगा झकास टाकत होता. तेवढ्यात घडीच्या खुर्चीत बसलेल्या एका आजींनी हातातला क्लिकर, म्हणजे बटण दाबून चेंडू मोजायचं यंत्र, वर करून दाखवला : 85. समोरच्या बॅटरपुरतं टाकू दिलं, मग कोचने येऊन चेंडू मागून घेतला. लिटल लीगचा, म्हणजे मुलांच्या बेसबॉल संघटनेचा, नियमच आहे. 11-12 वर्षांच्या मुलाला दिवसाला 85 चेंडू, आणि 66 किंवा त्याहून जास्त टाकले की चार दिवस पिचिंग, म्हणजे चेंडू टाकणं, बंद. नवा पिचर आला आणि आम्ही हरलो.

"एकच आउट हवा होता हो," मी कोचला म्हणालो. त्याने मला उलट विचारलं, टॉमी जॉन माहीत आहे का?

मला ते कोपराच्या ऑपरेशनचं नाव म्हणून ठाऊक होतं. तो माणूस अमेरिकेतल्या आमच्या इंडियाना राज्याचाच, इंडियानापोलिसहून सव्वा तासावरच्या टेरे हॉटचा, हे तेव्हा कळलं. रात्री झोप लागेना, म्हणून त्याची कारकीर्द वाचत बसलो.

डावखुरा पिचर. 1963 मध्ये क्लीव्हलंडच्या टीमकडून सुरुवात. 1974 च्या जुलैमध्ये लॉस एंजलिसच्या डॉजर्स टीमकडून खेळताना 13 सामने जिंकलेला, फक्त 3 हरलेला, आणि चेंडू टाकताना डाव्या कोपरातला लिगामेंट, म्हणजे हाडं जोडून ठेवणारा बंध, फाटला. तोवर अशी दुखापत म्हणजे पिचरचा खेळ संपला. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच उजव्या हातातला, ज्याच्यावाचून अडत नाही असा एक टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढला आणि डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडून त्यांतून ओवला. परत खेळण्याची शक्यता शंभरात एक, असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. 1975 चा अख्खा सीझन घरी. 1976 ला परतला, आणि पुढे 1977, 1979, 1980 अशा तीन वर्षी वीस किंवा त्याहून जास्त सामने जिंकला. थांबला 1989 मध्ये, वयाच्या 46 व्या वर्षी. एकूण 288 विजय, त्यातले 164 ऑपरेशननंतरचे. धडधाकट हातापेक्षा सांधलेल्या हाताने जास्त! तरीही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, तो अजून नाही. हे मला अजिबात पटत नाही.

आता ते ऑपरेशन शाळकरी मुलांचंही होतं. म्हणून ही मोजणी. पूर्वी लिटल लीगमध्ये इनिंग मोजायचे, 2007 पासून एकेक चेंडू मोजतात.

वाचता वाचता माझा हात खांद्यावर गेला. सोलापूरला पार्क मैदानावर कॉलेजच्या सामन्यात मी एका टोकाने सलग तेवीस ओव्हर टाकल्या होत्या. सर लाँग ऑफच्या मागे उभे राहून "अजून एक, अजून एक" म्हणत होते. आज विमानात बॅग वरच्या कप्प्यात ठेवायला बायको लागते. पण सरांना मी दोष देणार नाही. एक पैसा न घेता तो माणूस आमच्यासाठी भर उन्हात उभा राहायचा, आणि चेंडू मलाही सोडायचा नव्हता. शिवाय आपल्या बोलिंगमध्ये हात सरळ राहतो, भार पाठीवर आणि खांद्यावर जातो. इथला कोपराचा हिशेब आपल्याला जसाच्या तसा लागू नाही.

आणि इथलेही सगळे शहाणे आहेत असं नाही. यातलीच काही मुलं रविवारी दुसऱ्या टीमकडून टाकतात, तिथे शनिवारचा आकडा कुणी विचारत नाही. तरीपण त्या आजी मला राहून राहून आठवतात. त्यांचा नातू समोरच्या टीममध्ये होता. आमचा पोरगा दमावा, चुकावा, यातच त्यांचा फायदा होता. पण अंगठा प्रत्येक चेंडूला दाबला जात होता, नजर एकदाही हलली नाही.

काल दादाला फोन केला. पुतण्या रोज संध्याकाळी नेटमध्ये दोन तास फास्ट टाकतो म्हणे. किती चेंडू होतात, विचारलं.

"मोजतंय कोण?" दादा म्हणाला.

वहिनीने फोन घेतला. "डिसेंबरात येताना ते क्लिकर घेऊन या भावजी. मी बसते तिथे."