कबुली

कर्णबधिर माणसाने मान डोलावली की समोरच्या ऐकणाऱ्या माणसाला आपले काम झाल्यासारखे वाटते. बँकेतला कारकून, औषधाच्या दुकानातला मुलगा, दवाखान्यातली परिचारिका, एसटीचा वाहक, सगळ्यांचा अनुभव हाच असतो, आणि त्यात त्यांना खटकण्यासारखे काही दिसत नाही. भारतीय सांकेतिक भाषेची दुभाषी म्हणून मी सांगली-मिरज परिसरात बरीच वर्षे काम करते आहे, आणि ती मान बहुतेक वेळा होकाराची नसते, हे मला माहीत आहे. ‘तुमचे बोलणे चालू आहे हे मला दिसते आहे’, ‘पुन्हा विचारले तर तुम्ही चिडाल’, ‘मागे रांग आहे’, असे पुष्कळ काही त्या मानेत असते. लहानपणी घरात आणि वर्गात न कळलेल्या गोष्टींना मान डोलावली की ओरडा टळतो, हे ज्याला एकदा उमगले, त्याची ती सवय पन्नाशीतही सुटत नाही. ही गोष्ट मला मुळीच नवी नव्हती, तरीही जिल्ह्यातल्या एका दुय्यम निबंधक कार्यालयातला तो दिवस अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

ज्यांच्यासाठी मी गेले होते त्यांना इथे नुसते ताई म्हणते. ताई जन्मापासून कर्णबधिर आहेत. निवासी शाळेत सातवीपर्यंत शिकल्या, नवराही कर्णबधिर, आणि गेली कित्येक वर्षे शिवणकामावर त्या स्वतःचे घर चालवतात. वडील वारल्यावर गावाकडच्या जमिनीच्या कागदांसाठी भावाने त्यांना सहीला बोलावले होते. त्यांनी मला व्हिडिओ कॉल केला, कागदाचा धूसर फोटो दाखवला आणि माझ्याबरोबर या, एवढेच सांगितले. मी पोचले तेव्हा दस्त टाईप होऊन, मुद्रांक लागून तयार होता, टोकन लागले होते आणि दोन ओळखदार दाराशी उभे होते. दस्ताच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिले होते : हक्कसोडपत्र.

नोंदणी कार्यालयात ज्यांचे कधी काम पडलेले नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगते, की तिथला निर्णायक क्षण फार छोटा असतो. लिहून देणाऱ्याला अधिकारी विचारतो, हा दस्त तुम्ही लिहून दिला आहे का, मजकूर मान्य आहे का. तो हो म्हणाला की कॅमेऱ्यापुढे फोटो, यंत्रावर अंगठा, आणि काम संपले. नोंदणी अधिनियम 1908 नुसार दस्त लिहून देणाऱ्याने तो कबूल करणे हा नोंदणीचा गाभा आहे, आणि हा सगळा गाभा त्या एका प्रश्नोत्तरात सामावलेला असतो. ताईंच्या दस्ताच्या शेवटीही नेहमीचे वाक्य होतेच, की हे हक्कसोडपत्र मी माझ्या राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, वाचून व समजून घेऊन लिहून दिले असे.

अधिकाऱ्यांनी ताईंकडे एकदा पाहिले आणि प्रश्न भावाला विचारला, “यांना मान्य आहे ना?” भाऊ म्हणाला, “मुकी हाय ओ ती. पण तिला कळतंय सगळं, लहानपणापासनं आमीच बघतोय.” मग तो ताईंकडे वळला, कागदावर बोट ठेवले, वर हात करून वडिलांची खूण केली, हात पसरून रान दाखवले, ताईंच्या छातीकडे बोट नेले आणि सहीची खूण केली. शेजारच्या टेबलावरच्या कर्मचाऱ्याने मदत म्हणून मोठ्याने ओरडून “मान्य आहे का?” असे विचारले. ताईंनी मान डोलावली. अधिकारी कॅमेऱ्याकडे वळले आणि त्याच वेळी मी “थांबा” म्हणाले.

त्या एका शब्दावरून मला पुष्कळ ऐकावे लागले आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. दुभाषाने कोणाची बाजू घ्यायची नसते, सल्ला द्यायचा नसतो, स्वतःचे मत मध्ये आणायचे नसते. हे नियम मला मान्य आहेत आणि मी ते काटेकोरपणे पाळते. पण एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोचलेले नाही, हे दिसत असताना ते सांगणे हेच माझे काम आहे. ते सांगायचे नसेल तर मला तिथे बोलावण्यात काही अर्थ नाही.

“तुम्ही कोण?” हा प्रश्न अपेक्षितच होता. मी ओळखपत्र दाखवले आणि थोडा वेळ मागितला. तो मिळाला, याबद्दल मी त्या अधिकाऱ्यांची आभारी आहे. बाहेर रांग होती आणि त्यांनी नाही म्हटले असते तर मला फार काही करता आले नसते. ताईंना मी आधी खुर्ची बदलायला लावली, कारण त्यांच्या तोंडावर खिडकीचा उजेड येत होता आणि समोरच्यांचे चेहरे काळे दिसत होते. अधिकारी आणि मी त्यांच्या एकाच नजरेत येऊ, अशी मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. या गोष्टी बाहेरच्यांना किरकोळ वाटतात, पण सांकेतिक भाषेत भुवया, डोळे, खांद्यांचा झोक हे सगळे व्याकरण असते. भुवया वर गेल्या तर तेच वाक्य प्रश्न होते. चेहरा दिसला नाही तर अर्धे वाक्य हरवते. ओठ वाचून सगळे कळते, हा तर ऐकणाऱ्यांचा लाडका गैरसमज आहे. बाबा, पापा आणि मामा हे तीन शब्द आरशासमोर आवाज न काढता म्हणून पाहावेत, ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. भावाच्या भरघोस मिशांखाली तर तेवढेही दिसत नव्हते.

“कळले का?” हा प्रश्न मी कर्णबधिर माणसाला कधीच विचारत नाही, त्याचे उत्तर ठरलेले असते. काय कळले ते तुम्ही मला सांगा, असे मी ताईंना म्हटले. त्यांनी सांगितले, आणि ते मी त्यांच्याच तोंडून आल्यासारखे, प्रथमपुरुषी, सगळ्यांना ऐकवले : “वडील गेले. त्यांची जमीन आहे. त्या जमिनीच्या कागदावर आता माझे नाव लागणार आहे. त्यासाठी सही करायची आहे.”

खोलीत थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग दस्त तयार करणारे वकील म्हणाले, असे नाही हो, सांगा त्यांना नीट.

मी सांगितले. हक्कसोडासाठी एक तयार खूण करून भागत नाही, कारण ही कल्पनाच ताईंसमोर कधी कोणी ठेवली नव्हती. ती दृश्य म्हणून उभी करावी लागते. समोरच्या हवेत मी तीन जागा नेमल्या, डावीकडे भाऊ, मध्ये धाकटी बहीण, उजवीकडे ताई, आणि प्रत्येकाच्या वाट्याला जमिनीचा तुकडा ठेवला. गट क्रमांक आकड्यांत दाखवले, पण गट क्रमांकाने रान कोणाला आठवते? विहिरीजवळचे कुठले, ओढ्याकाठचे कुठले, हे मी भावाला विचारून घेतले, तेव्हा ताईंच्या डोळ्यांत ओळख दिसली. गावातले घर आणि मागचा परडाही त्याच दस्तात आहे, हेही सांगितले. मग ताईंच्या जागेवरचा वाटा उचलून भावाच्या जागेवर ठेवला, तिथे मूठ बंद केली, आणि तो परत मागता येणार नाही, मोबदला काही नाही, हे सांगितले. आता पुन्हा तुम्ही सांगा, म्हटले. त्यांनी बिनचूक सांगितले, माझ्यापेक्षा स्वच्छ सांगितले, आणि शेवटी एक प्रश्न विचारला, जो मी भावाला मराठीत विचारला, “मग मघाशी तू माझ्याकडे बोट करून सही म्हणालास, ते कशासाठी?”

भावाने फसवले का, याचे उत्तर मला देता येत नाही, आणि याच गोष्टीपाशी मी अडकले आहे. त्याच्या खुणा मी पाहिल्या होत्या. कागद, वडील, रान, तू, सही. यातली एकही खूण खोटी नव्हती. कोणाचे नाव लागणार आणि कोणाचे जाणार, एवढी एकच दिशा त्यात नव्हती, आणि ती दाखवण्याइतकी भाषा त्या दोघांमध्ये कधी घडलीच नव्हती. जेव, चल, झोप, पैसे, पाहुणे आले, एवढ्यावर त्यांचे भावंडपण चालले होते. ताईंच्या ऑपरेशनचा खर्च याच भावाने केला होता, हे ताईच सांगतात. आपण तिचे नेहमी बघत आलो, म्हणजे तिचा निर्णयही आपणच घ्यायचा, असे त्याला अगदी सरळ मनाने वाटत असणे शक्य आहे. पण न समजावता काम होत असेल तर समजावण्याची गरज माणसाला भासत नाही, आणि त्यातून त्याचा फायदाही होत असेल तर मुळीच भासत नाही, हेही मी पाहिले आहे. हाच माणूस जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून बैलजोडीचा भाव ठरवतो आणि त्यात एका आकड्याची चूक होऊ देत नाही. बोटांनी व्यवहार करणे त्याला अवघड होते, असे मला कोणी सांगू नये.

कायद्याने ही अडचण ओळखलेली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 13 मध्ये मालमत्ता बाळगण्याचा आणि वारशाने मिळवण्याचा समान हक्क तर आहेच, शिवाय आधार देणाऱ्या व्यक्तीचे हितसंबंध एखाद्या व्यवहारात आड येत असतील तर त्या व्यवहारापुरते तिने बाजूला राहावे, असेही आहे. केवळ रक्ताचे नाते आहे म्हणून संशय घेऊ नये, हेही तिथेच म्हटले आहे, आणि ते योग्यच आहे. पण इथे तर ज्याला वाटा मिळणार तोच देणारीचा दुभाषी झाला होता. वकिलांना हे सुचायला हवे होते. अधिकाऱ्यांचा प्रश्न मात्र मला रास्त वाटला. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही खरं सांगताय हे मी कसं ओळखायचं? भावावर विश्वास ठेवायचा नाही, मग तुमच्यावर का ठेवायचा?” त्यांच्या प्रक्रियेत दुभाषासाठी जागाच नव्हती. माझे उत्तर असे, की काय समजले ते ताईंना स्वतः परत सांगायला लावा आणि ते चित्रित करून ठेवा, म्हणजे उद्या दुसरा कोणीही दुभाषी ते तपासू शकेल. न्यायालयात खुणांनी दिलेली साक्ष दुभाषाच्या मदतीने नोंदवून चित्रित करण्याची तरतूद कायद्यात आहेच. जमीन जाण्याच्या क्षणाला तेवढी काळजी का घेऊ नये?

त्या दिवशी दस्त नोंदला गेला नाही. बाहेर आल्यावर भाऊ मला म्हणाला, “तुम्ही भरवलं तिला.” मी हेही वाक्य ताईंना जसेच्या तसे सांगितले, कारण त्यांच्यासमोर बोललेले सगळे त्यांचे असते. तेव्हा त्यांनी जे उत्तर दिले, ते मला तोपर्यंत माहीतच नव्हते. ओढ्याकाठचे रान त्या भावाला द्यायला तयार होत्या, फुकट. गावातल्या घरातली एक खोली आणि परडा तेवढा त्यांना हवा होता. हे त्यांनी आधीच ठरवलेले होते आणि कोणी विचारले असते तर तिथल्या तिथे सांगितले असते.

भावाने अजून हो किंवा नाही म्हटलेले नाही. पुढच्या वेळी माझ्याऐवजी दुसरा दुभाषी असावा, म्हणजे भरवल्याचा आरोप राहणार नाही, असे मी दोघांनाही कळवले आहे, आणि त्यासाठी कोल्हापूरकडच्या एका सहकाऱ्याशी बोलून ठेवले आहे. ताईंनी कबुलीच्या चित्रीकरणाची मागणी करणारा अर्ज स्वतःच्या सहीने कार्यालयात दिला. सही करण्यापूर्वी त्यांनी तो माझ्याकडून दोनदा समजून घेतला, आणि तिसऱ्यांदा त्याचा मजकूर मला सांगून दाखवला.