नैवेद्याआधीचे मोदक

परवा जेवताना भाचीने विचारलं, मावशी, सगळे धर्म खरे कसे असतील गं? ती अकरावीत आहे, वर्गात तिची एक जैन मैत्रीण आहे, तिने हिला सांगितलं की आमच्यात जग निर्माण करणारा देव असा कुणी नाहीच, जग आधीपासून आहे आणि राहणार. भाची एकदम गडबडली, कारण घरात लहानपणापासून एकच ऐकलेलं, नावं वेगळी, देव एकच. मग ज्यांच्याकडे निर्माता देवच नाही त्यांना कुठल्या नावात बसवायचं? तिच्या बाबांनी "अगं सगळे रस्ते एकाच ठिकाणी जातात" म्हणून विषय संपवला आणि पोळी मागितली. मला ते पटलं नाही, जेवताना बोलले नाही, म्हणून इथे लिहितेय.

पूर्वी मीही हेच म्हणायचे. एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति, म्हणजे सत्य एकच, जाणते त्याला वेगवेगळ्या नावांनी बोलतात, झालं! पण ती ऋचा नीट वाचली तर तिथे इंद्र, मित्र, वरुण, अग्नी अशी नावं आहेत, वेदातल्याच देवांची. जगातल्या सगळ्या धर्मांचा निकाल त्या एका ओळीत लागलाय असं मला आता वाटत नाही. ख्रिश्चनांची सगळी श्रद्धा येशू क्रूसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला यावर उभी आहे, आणि कुराणाच्या चौथ्या सूरेत म्हटलंय की त्याला मारलं नाही, क्रूसावर चढवलं नाही. गीता म्हणते आत्मा जन्मत नाही, मरत नाही, बौद्ध म्हणतात असा कायमचा आत्माच नाही. आता हा काय नुसता नावांचा फरक आहे का? दोन्हीकडची माणसं हे मनापासून मानतात, आणि आपण मध्येच जाऊन "अहो तुम्ही एकच म्हणताय" म्हटलं तर आपण दोघांचंही ऐकलं नाही असा त्याचा अर्थ होतो.

मला हे कळलं ते आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी, गणपतीत. कॉलेजात माझी एक मुसलमान मैत्रीण होती, सकाळपासून यायची, आईबरोबर बसून नारळ खोवायची, मोदकाच्या पाऱ्या माझ्यापेक्षा छान करायची, आरतीच्या वेळी मागे शांत उभी राहायची, पण प्रसाद घ्यायची नाही. पहिल्या वर्षी आईने तिला मोदक दिला तर हळूच म्हणाली, "काकी, चढ़ावे का मैं नहीं खाती, बुरा मत मानिए." मला इतकं वाईट वाटलं ना, वाटलं ही कसली मैत्री, आमच्या देवाचं चालत नाही आणि घर चालतं. दोन दिवस बोलले नाही तिच्याशी.

आई काहीच बोलली नाही. पुढच्या वर्षी तिने उकड काढली तेव्हाच थोडी वेगळ्या पातेल्यात काढून ठेवली, त्याचे पाच मोदक वेगळे उकडले आणि नैवेद्य दाखवायच्या आधीच डब्यात भरून तिच्या हातात दिले. आता आमच्या घरी नैवेद्याआधी पोरांनासुद्धा चव बघू देत नाहीत, आजी केवढी चिडली, म्हणाली देवाच्या आधी बाहेरच्याला? आई म्हणाली, देवाचे एकवीस वेगळे काढलेत, हे तिचे आहेत. आणि दरवर्षी ते पाच मोदक होत राहिले, तिचं लग्न होऊन ती भोपाळला जाईपर्यंत.

मी खूप वर्षं यावर विचार केलाय. आईला "खा गं, देव एकच आहे" म्हणणं किती सोपं होतं! पण तिने त्या मुलीचं म्हणणं खरंच धरलं, आणि त्यासाठी स्वतःच्या घरचा नियम थोडा वाकवला, आजीचं बोलणं खाल्लं. गणपतीवरची तिची श्रद्धा यात कणभरही कमी झाली नाही. मैत्रिणीनेही मूर्तीला देव मानलं नाही, पण नारळ खोवताना कधी हात आखडला नाही.

आपल्या ग्वाल्हेरात तर हे सगळं दगडातच आहे. 1528 मध्ये बाबर इथे आला, किल्ल्याच्या उरवाई भागातल्या त्या प्रचंड जैन मूर्ती बघितल्या, त्या नग्न आहेत हे त्याला खटकलं, आणि त्या फोडायचा हुकूम दिल्याचं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. आणि त्याच शतकात इथलेच सूफी मुहम्मद गौस, ज्यांचा हजीऱ्याला मकबरा आहे, त्यांनी योगावरचा ग्रंथ फारसीत आणला, आसनं, श्वास, सगळं. ते काही हिंदू झाले नाहीत. त्यांना जाणून घ्यायचं होतं.

त्यांच्याच शेजारी तानसेनची कबर. डिसेंबरात तानसेन समारोह सुरू होतो त्या सकाळी तिथे शहनाई होते, मग ढोलीबुवा महाराजांची हरिकथा, आपल्या मराठी कीर्तनाच्या घराण्यातली, आणि मग मीलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं पठण. थंडीने बोटं आखडलेली असतात तरी मी जाते. मला त्यातलं हे फार आवडतं की हरिकथा हरिकथाच राहते, मीलाद मीलादच राहतो, दोन्ही ढवळून तिसरंच काही कुणी करत नाही, आणि एकाचं चालू असताना दुसरे बसून ऐकतात.

कोण खरं, हे मला ठरवता येत नाही. मी विठ्ठलाला मानते, मनापासून मानते, आणि सगळंच सगळ्यांचं खरं असू शकत नाही असंही मला वाटतं. भाचीला मी हेच सांगितलं, तिला ते अर्धवट वाटलं, म्हणाली मग उत्तर काय? मी म्हटलं मैत्रिणीलाच विचार ना, नीट विचार. तर रविवारी दोघी किल्ल्याच्या डोंगरातल्या, गोपाचलच्या जैन मूर्ती बघायला जातायत, मैत्रीण समजावून सांगणार आहे. भाचीने वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून काढलेत, पहिलाच प्रश्न आहे, जग बनवणारा कुणी नाही तर मग तुम्ही हात जोडून मागता काय?