एस२-के२ची दरी आणि सॉल्व्हर थांबवण्याची स्वतःची अट

मुंबईच्या अपोलो बंदराच्या भरती-ओहोटीचा अंदाज देणारे माझे मॉडेल आता योग्य जागी थांबू लागले आहे. हे मॉडेल पाण्याची पातळी एस२, के२, एम४ अशा ठराविक आवर्तनकाळाच्या घटक-लाटांची बेरीज मानते, आणि सॉल्व्हर (टप्प्याटप्प्याने उत्तर सुधारणारा प्रोग्रॅम) प्रत्येक घटकाचा आयाम (उंची) आणि कला (वेळेतले स्थान) नोंदींशी जुळवून काढतो. मागच्या नोंदीतला पेच असा होता की ह्यूबर लॉस (मोठ्या चुकांना कमी वजन देणारे चुकीचे माप) घेऊन एल-बीएफजीएस-बी हा सॉल्व्हर चालवला आणि एफटॉल (लॉसमधली घट याहून कमी झाली की थांबण्याची मर्यादा) मूळच्या २.२ × १०⁻⁹ वर ठेवला, तर सॉल्व्हर एस२ आणि के२ यांच्या दरीत, म्हणजे लॉस जवळजवळ बदलत नाही अशा पट्ट्यात, रेंगाळत राही, आणि एफटॉल सैल केला तर एम४ नीट बसण्याआधीच काम आटोपे.

दरीचे कारण असे. एस२चा आवर्तनकाळ १२ तास आणि के२चा ११.९७ तास असल्यामुळे हे दोन घटक वेगळे करायला सुमारे १८२ दिवसांच्या नोंदी लागतात, आणि माझ्याकडे जेमतेम दोन महिन्यांच्या आहेत. एकाचा वाटा वाढवून दुसऱ्याचा घटवला तरी बेरीज जवळपास तीच येते. चलांचे स्केलिंग केल्याने एम४ लवकर बसतो, पण दरी तशीच राहते, कारण अडचण एककांची नसून समीकरणांच्या तक्त्यातले या दोन घटकांचे स्तंभ जवळजवळ समांतर असण्याची आहे.

म्हणून थांबण्याचा निर्णय लॉसच्या मूल्यावर न सोपवता अंदाजावर सोपवला. पायथनच्या सायपाय लायब्ररीच्या १.११ आवृत्तीपासून (२०२३) कॉलबॅकमध्ये (सॉल्व्हर दर फेरीनंतर बोलावतो त्या आपल्या फंक्शनमध्ये) स्टॉपआयटरेशन हा थांबण्याचा इशारा उठवून एल-बीएफजीएस-बी मध्येच थांबवता येते. माझा कॉलबॅक सॉल्व्हरच्या प्रत्येक आवर्तनाला (फेरीला) पुढच्या आठवड्याची पातळी दर दहा मिनिटांनी काढतो, म्हणजे १००८ आकडे. लगतच्या आवर्तनाशी तुलना मात्र पुरत नाही: दरीतून सॉल्व्हर इतका हळू सरकतो की प्रत्येक पाऊल नगण्य दिसते, पण ती पावले साचत जातात. त्यामुळे मर्यादित लांबीच्या डेकमध्ये (भरली की सर्वांत जुनी नोंद आपोआप गळणाऱ्या यादीत) मागचे अंदाज ठेवले आणि दहा आवर्तनांपूर्वीच्या अंदाजाशी सर्वांत मोठा फरक अर्ध्या सेंटिमीटरखाली आला तरच थांबायचे, अशी अट घातली. लॉगमध्ये के२चा आयाम अजून सरकताना दिसतो, पण उधाणाच्या भरतीची वेळ आणि उंची जागची हलत नाही. हे पाहून फार समाधान वाटले.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कॉलबॅकच्या एकमेव आर्ग्युमेंटचे नाव इंटरमीजिएट_रिझल्ट असेच हवे, नाहीतर जुना प्रकार समजून फक्त चलांचा ॲरे हाती येतो. नावावरून वागणूक ठरवण्याची ही पद्धत मला नाजूक वाटते. शिवाय असे थांबवल्यावर निकालात सक्सेस फॉल्स (म्हणजे अयशस्वी) येते, म्हणून माझी अट पुरी झाली की नाही याची खूण कॉलबॅकने स्वतःच नोंदवावी.

हे लिहितानाच एक उणीव जाणवली. एस२ आणि के२ यांच्यातले कलांतर (कलांमधला फरक) सुमारे ९१ दिवसांत अर्धे चक्र फिरते, त्यामुळे पुढच्या आठवड्यात स्थिर वाटणारा अंदाज तीन महिन्यांनंतर घसरू शकतो, आणि माझी अट नेमके तेच झाकते. ठाण्याच्या खाडीच्या नोंदीही या मॉडेलला जोडण्याचा बेत होता, तो म्हणूनच तूर्त मागे ठेवतो. आधी के२ला मोकळे न सोडता समतोल सिद्धांतातील (आदर्श समुद्र धरून चंद्र-सूर्याच्या ओढीवरून भरती काढणाऱ्या सिद्धांतातील) सुमारे ०.२७ या गुणोत्तराने एस२ला बांधीन, कलाही त्याच सिद्धांतानुसार जुळवीन आणि कॉलबॅकमध्ये तीन महिन्यांनंतरचा आठवडाही तपासायला घेईन. डेकचा सांगाडा तोच राहील, फक्त प्रत्येक नोंदीत १००८ ऐवजी २०१६ आकडे असतील.