डोलणारी शीळ

जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या संगणकावर उतरवून देणं हा माझा धंदा. गिऱ्हाइकं बहुतेक नाट्यगीतं आणतात. पुण्याच्या कॅम्पातले एक पारशी काका मात्र रॉनी रोनाल्डची तबकडी घेऊन आले. कोलंबिया कंपनीची, 'इफ आय वेअर अ ब्लॅकबर्ड'.

रोनाल्ड लंडनच्या इझलिंग्टनचा, जन्म १९२३. पोरवयातच गाणाऱ्या मुलांच्या चमूत शिरला, व्हरायटी थिएटरं गाजवली, न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलपर्यंत पोचला. भांडवल काय, तर गाणं, शीळ, पक्ष्यांचे आवाज आणि यॉडलिंग. छातीतल्या स्वरावरून झटक्यात वरच्या पातळ स्वरात उडी मारायची, ते यॉडलिंग. आपल्याला ते किशोरकुमारमुळे ठाऊक. शिळेवर पोट भरणारा माणूस मात्र आपल्याकडे कुणी मनावर घेतला नसता.

खरखर काढायला सॉफ्टवेअर लावलं, तर त्यानं पक्ष्याच्या किलबिलीतले बारीक तुकडेही तबकडीवरचे ओरखडे समजून उडवले. मग एकेक टिकटिक हातानं काढत बसलो. दुपार त्यातच गेली.

त्यानंतर लक्षात आलं, शीळ डोलतेय, म्हणजे तिचा स्वर किंचित वर-खाली होतोय. माणसाची शीळ म्हणजे जवळजवळ नुसता एक स्वर. व्हायोलिनसारखे भरगच्च उपस्वर नसतात, त्यामुळे दोष लपायला जागाच नाही. मोजलं, तर दर ०.७७ सेकंदाला एक हेलकावा. मिनिटाला ७८ फेऱ्या म्हणजे एका फेरीला तेवढाच वेळ! गळ्याचा किंवा ओठांचा कंप तबकडीच्या फेऱ्यांशी इतका इमान राखत नाही. तबकडीचं भोक मध्यापासून किंचित सरकलेलं होतं. माझ्या टर्नटेबलची मधली खुंटी निघते. ती काढली आणि सुईचा दांडा डावी-उजवीकडे हलायचा थांबेपर्यंत तबकडी बोटानं सरकवत राहिलो. शीळ सरळ झाली. मी खूश.

काकांनी हेडफोन लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हा आमचा रॉनी नाय. तो स्वर कसा झुलवायचा!"

"काका, तो झोल भोकाचा होता," म्हणत मी पडद्यावरच्या लाटा दाखवल्या. त्यांनी त्या नीट पाहिल्या, मानही डोलावली.

"बरोबर आहे तुमचं. पण लहानपणापासून आम्ही घरात हेच ऐकलंय. मला आधीचंच द्या."

दोन्ही फाइली दिल्या. पेनड्राइव्हवर डोलणाऱ्या फाइलला त्यांनी माझ्याकडून 'ओरिजिनल' असं नाव टाइप करून घेतलं. दुसरीला, 'बाकीच्यांसाठी'.